विषादाचा पहिला अध्याय आणि साने गुरुजी



मागच्या मृगात चिमूरजवळच्या एका खेड्यातले माळकरी गृहस्थ आमच्या घरी आले. धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस. या दिवसांत शेतकऱ्याला ओट्यावर टेकायला फुरसत नसते. तरी ते अर्धा दिवस मोडून आले होते. पाणी प्यायले, थोडा वेळ गप्प बसले आणि पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "महाराज, पोराची वही आहे. वर्षश्राद्धाले छापता आली तर पाहा बरं."

पोरगा पंचवीस वर्षांचाही नव्हता. तो कसा गेला हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. वहीत अभंगाच्या चालीवर लिहिलेल्या रचना होत्या, मोहाच्या झाडावर एक मोठी कविता होती, आजीवर एक अर्धवट गोष्ट होती. काही लिखाण कच्चे, काही थक्क करणारे. शेवटची काही पाने मात्र वाचताना हात जड होत होता.

मी हा विषय आमच्या भजनी मंडळापुढे ठेवला. एक जण म्हणाला, छापू, पण तो कसा गेला ते लिहायचे नाही. दुसरा म्हणाला, दुःखाची पाने काढून टाका, तरुण पोरांवर वाईट परिणाम होतो. तिसरे आमच्यातले वयोवृद्ध. त्यांचा माझ्यावर लोभ आहे, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो: "आत्मघात करणाऱ्याचं पुस्तक हरिपाठाच्या ठिकाणी कशाले?" बैठक शाळेच्या खोलीत होती. मी काही बोललो नाही, पण नजर भिंतीकडे गेली. तिथे हार घातलेली तसबीर होती. साने गुरुजींची.

गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. वय पन्नास. आजाराने नाही, अपघाताने नाही, असे आपण म्हणतो. मला वाटते आजारानेच गेले, फक्त तो आजार डोळ्यांना दिसणारा नव्हता. त्यांच्या मनाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण ज्याला आज आपण नैराश्य म्हणतो त्याच्या सावलीत हा माणूस वर्षानुवर्षे चालला, हे त्यांची पुस्तके वाचणाऱ्या कोणालाही कळते. आपण मात्र त्यांची तसबीर लावली आणि तेवढेच वाचले नाही. म्हणून आज, माउली, गुरुजींना लेखक म्हणून तुमच्यासमोर ठेवतो. त्या वहीचे काय करायचे हे मला त्यांच्याकडूनच शिकायचे होते.

वारकऱ्याला गुरुजींची ओळख करून द्यावी लागत नाही. नामदेव पायरीपाशी चोखोबांच्या समाधीला हात लावून आपण आत जातो. ते 'आत जाणे' ज्यांना शेकडो वर्षे नाकारले गेले त्यांच्यासाठी गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. गांधीजींनाही हे उपोषण प्रथम पटले नव्हते. गुरुजी हटले नाहीत. दहा दिवसांच्या उपोषणानंतर पांडुरंगाची दारे सर्वांना उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्याचे नावच पांडुरंग, त्याने हे करावे हा योगायोग कीर्तनकारांना फार आवडतो. मलाही आवडतो. पण त्यावर टाळ्या घेऊन आपण पुढे निघून जातो.

गुरुजींच्या लिखाणाबद्दल दोन मते ऐकायला मिळतात. एक मत असे की ते 'मातृहृदयी' लेखक, गोड गोड गोष्टींचे. दुसरे मत कुजबुजीत ऐकू येते: रडका माणूस, सारखे डोळ्यांत पाणी, शेवट तसाच झाला. ही दोन्ही मते एकाच आळसातून आली आहेत. पहिल्याने अश्रू पुसून टाकले, दुसऱ्याने अश्रूंपलीकडे पाहिलेच नाही.

आता एक गोष्ट पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर एक, अशी अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीला पहिले, १९ जूनला शेवटचे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज घरोघर आहे, पण ती कागदावर उतरवली कोणी? त्याच तुरुंगातल्या साने गुरुजींनी. विनोबा बोलत गेले, गुरुजींचा हात धावत राहिला. आणि गीतेचा पहिला अध्याय कोणता? अर्जुनविषादयोग. हातातून धनुष्य गळून पडते, अंगाला कापरे भरते, तोंडाला कोरड पडते, जगून काय करायचे असे वाटते, अशा माणसाचा तो अध्याय. गुरुजींनी तो दुसऱ्याच्या मुखातून ऐकून स्वतःच्या हाताने लिहून घेतला. विनोबांनी त्या प्रवचनात अर्जुनाच्या मोहाची बाजू कठोरपणे उलगडली आहे, आणि ती बरोबरच आहे. पण लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले असेल याचा विचार मी अनेकदा करतो.

ज्ञानेश्वरीच्या पारायणात पहिला अध्याय आपण भराभर ओलांडतो, 'खरी गीता दुसऱ्यापासून' म्हणून. दुसरा अध्यायही नीट पाहा ना. भगवंतांनी आधी काय केले? अर्जुनाला खडसावले. हे नामर्दपण तुला शोभत नाही, ऊठ. आपण दुःखी माणसाला पहिल्यांदा जे म्हणतो तेच. परिणाम काय झाला? काहीच नाही. अर्जुनाने पुन्हा आपले दुःख सांगितले, लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. खडसावणे फुकट गेले. त्यानंतर भगवंत किंचित हसले आणि बोलायला बसले, ते अठराव्या अध्यायापर्यंत. सातशे श्लोकांची गीता झाली ती खडसावणे निष्फळ ठरले म्हणून. आपल्या गावात कोणी खचला की आपण दुसऱ्या अध्यायाच्या दोन-तीन श्लोकांपाशी थांबतो आणि 'सांगून पाहिले, ऐकत नाही' म्हणून घरी जातो.

पहिल्या अध्यायात माउलींनी भुंग्याचा दृष्टांत दिला आहे. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या मिटलेल्या कळीत अडकतो, पण तिची कोवळी पाकळी त्याला चिरवत नाही. गुरुजींचे लिखाण वाचताना मला हा भुंगा सारखा आठवतो. पंढरपुरातली शेकडो वर्षांची लाकडी दारे या माणसाने हलवली. तोच माणूस एखाद्या मुलाच्या रडण्याने, एखाद्या बैलाच्या पाठीवरच्या वळाने कोलमडून जाई. हा दुबळेपणा नव्हे. लाकूड पोखरायची ताकद आणि पाकळी न चिरण्याचा स्वभाव एकाच देहात होता.

'श्यामची आई' गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिच्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले. तेव्हापासून आपण ती संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनाला जप, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक भाषणात येते. पण पुस्तक नीट उघडा. रात्रीमागून रात्र श्याम आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. का सांगतो? आईच्या शेवटच्या घडीला तो जवळ नव्हता. पुस्तकाच्या शेवटाकडे येता येता हे उघड होते आणि मग मागच्या साऱ्या रात्रींचा अर्थ बदलतो. गुरुजींची आई १९१७ साली गेली, पुस्तक १९३३ चे. सोळा वर्षे एक मुलगा पोहोचू न शकलेल्या उंबरठ्याकडे चालत होता. हे संस्कारांचे पुस्तक आहे, पण त्याआधी ते शोकाचे आहे. आपण शोक काढून टाकला आणि संस्कार ठेवले. उसाचा रस काढून चोयट्या ठेवाव्यात तसे.

त्यात साहित्यिक दोष आहेत का? आहेत. गुरुजींना आवरत नाही. एक भाव सांगून झाला तरी ते तोच पुन्हा सांगतात. उद्गारचिन्हे फार. त्यांची ढीगभर पुस्तके आहेत आणि त्यातली बरीच घाईने झालेली आहेत, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यानेही मान्य करावे. मी त्यांच्या कादंबऱ्या पुन्हा वाचायला घेतल्या तेव्हा दोन पुऱ्या करू शकलो नाही. पण ज्या ठिकाणी ते दुसऱ्याचे ऐकतात तिथे त्यांची लेखणी शांत होते. म्हणूनच मला 'स्त्री जीवन' हा त्यांचा मोठा ग्रंथ वाटतो. त्याचे नाव आपल्या प्रवचनात कधी येत नाही हे आश्चर्य. गुरुजींनी बायाबापड्यांजवळ बसून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लेकीच्या, भावाच्या, माहेराच्या, देवाच्या. आपल्या जनाबाईचे जाते ज्या पिठाच्या धुळीत फिरत होते, तीच धूळ या ग्रंथात आहे. पहाटेच्या अंधारात बाई दगडाशी बोलते, कारण दिवसा कोणाशी बोलायची सोय नसते. गुरुजींना हे ऐकू आले, कारण त्यांना स्वतःलाही तो अंधार ओळखीचा होता. हा माझा तर्क आहे, पण वाचून पाहा.

आणि 'सुंदर पत्रे'. शेवटच्या काळात, १९४९-५० मध्ये, पुतणी सुधाला लिहिलेली ही पत्रे 'साधना' साप्ताहिकात छापून येत. 'साधना' गुरुजींनीच १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले. पत्रांत फुले आहेत, तारे आहेत, कोकणातला पाऊस आहे, थोरामोठ्यांच्या गोष्टी आहेत. आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून आपण प्रत्येक पानात खुणा शोधू लागतो. मला वाटते हे वाचन अन्यायाचे आहे. फुलांचा आनंद लिहिताना गुरुजींना तो खरोखर होत होता. खचलेला माणूस चोवीस तास खचलेला नसतो. तो हसतो, लेकराला गोष्ट सांगतो, आमटीत मीठ कमी आहे म्हणतो. म्हणूनच घरच्यांना कळत नाही. मागे राहिलेली माणसे आयुष्यभर स्वतःला विचारत राहतात, आदल्या दिवशी तर हसत होता, मग आम्हाला कसे दिसले नाही? त्या बापानेही मला हेच विचारले होते. मी त्यांना 'सुंदर पत्रे' दाखवली. म्हटले, भाऊ, ही वाचून अख्ख्या महाराष्ट्राला काही दिसले नाही, तुम्हाला एकट्याला कसे दिसणार होते?

अशीच उलटी वाचायची सवय 'भारतीय संस्कृती' या ग्रंथाबाबतही दिसते. त्यात 'मृत्यूचे काव्य' नावाचे प्रकरण आहे. काही लोक ते प्रकरण पुढे करून सांगतात की गुरुजींना मरणाची ओढ होतीच, त्यांनी ते कवितेसारखे स्वीकारले. माउली, असे सांगणाऱ्यांपासून तरुण मुलांना जपा. ते प्रकरण आपल्या परंपरेने मरणाकडे कसे न भिता पाहिले याबद्दल आहे. पिकलेले फळ देठापासून सुटते तशा मरणाबद्दल आहे. ११ जून १९५० मध्ये काही काव्य नव्हते. एक थकलेला माणूस होता, त्याच्यावर प्रेम करणारी पुष्कळ माणसे होती, आणि त्या काळी या दुखण्यावर औषध नव्हते. नैराश्यावरची पहिली औषधे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. गुरुजी थोडे आधी जन्मले, एवढेच म्हणता येते.

'देशासाठी प्राण दिला', 'गांधीजींच्या मागोमाग गेले', असेही म्हटले जाते. गांधीजींच्या खुनानंतर गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले होते. म्हणून शेवटालाही कोणी 'अखेरचे उपोषण' म्हणून जाते. इथे चिमूरच्या माणसाने बोलले पाहिजे. उपोषण काय असते ते आमच्या गावाला ठाऊक आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटले. बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. नंतर गावावर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले. ६३ दिवस! पण त्या ६३ दिवसांतला प्रत्येक दिवस समोरच्याशी बोलणे होते. सरकार, आता तरी ऐक. उपोषण करणारा उत्तराची वाट पाहतो आणि उत्तर आले की लिंबाचे पाणी घेतो. पंढरपुरात गुरुजींनीही वाट पाहिली आणि उत्तर आल्यावर जगले. नैराश्य वाट पाहू देत नाही. 'कोणी उत्तर देणारच नाही' असे ते माणसाच्या कानात सांगते, आणि ते खोटे सांगते. त्या मरणाला उपोषणाच्या पंक्तीला बसवणे म्हणजे दुखण्याला त्यागाचा मान देणे. गुरुजींचा त्याग त्यांच्या जगण्यात होता. तो शेवटच्या रात्रीत शोधू नका.

आता आमच्या वृद्ध सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. आत्मघात करणाऱ्याला आपल्या ठिकाणी जागा आहे का? शास्त्राचा आधार म्हणून ईशोपनिषदातला 'आत्महन' शब्द सांगितला जातो. त्यावर आचार्यांचे भाष्य पाहा. ज्यांना आत्मस्वरूप कळले नाही असे सारे अज्ञानी जन, असा त्यांनी अर्थ केला आहे. म्हणजे त्या शब्दात तुम्ही-मी सगळे आलो. तो शब्द एकट्या त्या पोराच्या चितेवर टाकता येत नाही.

पण मला शास्त्रापेक्षा आपले स्वतःचे घर जास्त सांगावेसे वाटते. आपला संप्रदाय कोणत्या घरातून उभा राहिला? विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंच्या. संन्यास सोडून संसारात आले म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. परंपरा सांगते की मुलांना तरी जातीत घेतील या आशेने त्या दोघांनी प्रयागला जाऊन देह सोडला. चार लेकरे मागे राहिली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आई-बाप गेले तरी समाजाने लेकरांना लगेच जवळ केले नाही, शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. आपण ही कथा कीर्तनात दरवर्षी सांगतो आणि रडतो. पण हे लक्षात घेतो का, की ज्ञानेश्वरी लिहिणारा हात अशा घरातला होता? आई-बाप असे गेल्यावर मागे राहिलेल्या मुलाने पहिला अध्याय विषादाचा आहे म्हणून तो गाळला नाही. उलट माउलींनी तिथे अर्जुनाची जी बाजू मांडली तितक्या हळुवारपणे ती कोणी मांडलेली मला ठाऊक नाही.

आणि पुढे ताटीचे अभंग. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. बाहेर धाकटी बहीण मुक्ताबाई. आमच्या भागात बांबूचे जंगल आहे. ताटी काय असते ते शहरातल्या वाचकाला सांगावे लागेल, आम्हाला नाही. बांबूच्या कामट्यांची विणलेली झडप, ढकलली तर उघडेल अशी. मुक्ताबाईने ती ढकलली नाही. ती बाहेर उभी राहिली आणि बोलत राहिली. कधी समजूत, कधी विनवणी, कधी लाड. एकदा बोलून गेली नाही. अभंगामागून अभंग, आतून उत्तर येईपर्यंत. ज्या मुलीला आई-बाप परत आणता आले नव्हते, ती भावाच्या दाराशी उभी होती. हे लक्षात ठेवून ते अभंग एकदा म्हणून पाहा.

सगळ्याच ताट्या उघडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. गुरुजींच्या ताटीबाहेरही माणसे होती. म्हणून ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला 'तुम्ही उभे राहिला नाहीत' असे म्हणण्याचे पाप कोणी करू नये. पण ज्या घरात अजून ताटी लागलेली आहे तिथे आपण काय बोलतो? 'नामस्मरण कर, सगळे ठीक होईल.' नाम मोठे आहे, मी माळ घातलेला माणूस आहे, त्याबद्दल शंका घेणार नाही. मलेरिया झालेल्याला आपण नाम घे म्हणतो आणि गोळीही देतो. मनाच्या तापाला फक्त नाम देतो आणि नाम घेऊनही बरे वाटले नाही की त्याची भक्ती कच्ची ठरवतो. गुरुजींपेक्षा पक्की भक्ती कोणाची होती ते सांगा.

सरकारची गोष्ट वेगळीच. आपल्या विदर्भात शेतकरी गेला की मदतीसाठी त्याच्या मरणाची छाननी होते. निकषात बसला तर 'पात्र', घरच्यांना एक लाख. नाही बसला तर 'अपात्र'. हे शब्द ऐकून आपल्याला राग येतो, यायलाच हवा. पण आम्हीही त्या शाळेच्या खोलीत बसून पात्र-अपात्रच करत होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मानले आहे की जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली असतो, त्याला शिक्षा करायची नाही, सांभाळायचे. कायदा पुढे गेला. आमचे कीर्तन मागे राहू नये.

तर वहीचे काय झाले ते सांगतो. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हेच सारे बोललो, याहून वाईट शब्दांत. वृद्ध सहकारी शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, मोहाच्या झाडाची कविता वाचून दाखव. मी वाचली. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण वही मागून घेतली आणि जवळच ठेवली. वर्गणीत त्यांचे नाव पहिले आहे.

निवड करताना मी एक नियम केला. दुःखाच्या ज्या कविता कविता म्हणून उभ्या राहतात त्या घेतल्या. तुकोबांच्या गाथेत आक्रोश आहे, देवाशी भांडण आहे, मग या पोराने का लपवावे? पण शेवटची दोन पाने घेतली नाहीत. ती कविता नव्हती. ती घरच्यांना लिहिलेली होती आणि आजार बोलत होता. ती वडिलांना परत दिली. ती ठेवायची की गंगेला द्यायची हे त्यांचे त्यांनी ठरवावे. प्रस्तावनेत 'अनंतात विलीन' लिहिले नाही आणि कसे गेला याचे वर्णनही केले नाही. 'नैराश्याच्या आजाराने गेला' एवढेच लिहिले. आजीची अर्धवट गोष्ट अर्धवटच छापली. पुरी करण्याचा मोह मला झाला होता.

मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला रिकामी जागा उरत होती. छापखान्यातला मुलगा म्हणाला, विठ्ठलाचे चित्र टाकू. मी म्हटले, चित्र टाकू आणि खाली १४४१६ हा क्रमांकही टाकू. टेली-मानसचा हा फोन सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते.

कच्ची छपाई आली तेव्हा वडिलांना दाखवायला गेलो. रोवणी चालू होती. ते बांधीतून चिखलाच्या पायांनी धुऱ्यावर आले, हात धुतले आणि धोतराला पुसले. लेकाचे नाव बोटाने वाचले. मग खालच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, "हा कोणाचा नंबर जी?"

मी सांगितले. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, "महाराज, पाच प्रती जास्तीच्या द्या. धाकट्याच्या कालेजात द्याच्या आहेत."